आजार नको, गरज सांग

प्रवेशाच्या फॉर्मवर नाव, जात, उत्पन्न हे सगळं भरून झालं की खाली एक बारका रकाना येतो: दिव्यांग आहात का, होय की नाही. तू तिथे 'नाही'वर टिक मारणार आहेस, हे काकूने परवा फोनवर सांगितलं. "कशाला नोंद करून ठेवायची? उद्या स्थळं बघायला लागलो की हेच कागद आडवे येतील." काकूवर चिडू नकोस. आपल्या घराण्यात हे डोळ्यांचं दुखणं आहे ही गोष्ट चारचौघांत जाऊ नये म्हणून तिने जिवाचं रान केलंय. पण त्या रकान्यात 'होय'च लिही. स्थळं बघणारे लोक कॉलेजच्या ऑफिसात जाऊन फॉर्म चाळत नाहीत. आणि ज्याच्याशी लग्न करायचं त्याला हे आधी सांगावंच लागेल, सांगायलाच हवं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव असतात, वयातही 5 वर्षांची सूट मिळते. तू म्हणशील, ताई, मला मार्क चांगले आहेत, जागा मिळतेच आहे, मग कशाला? मी जागेसाठी म्हणतच नाही. पुढची तीन-चार वर्षं तू जे जे मागशील, जादा वेळ, मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका, खालच्या मजल्यावरची खोली, त्या प्रत्येक वेळी समोरचा क्लार्क पहिला प्रश्न हाच विचारणार: "फॉर्मवर लिहिलंय का?"

प्रमाणपत्राचं काम सुट्टीतच उरकून घे. 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात ठरलेल्या वारी तपासणी, मग यूडीआयडी कार्ड. लहानपणी काढलेल्या दाखल्यावर 'तात्पुरता' असं लिहिलंय का आणि मुदत कधी संपते ते आजच बघ. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना तर अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावीच लागते, म्हणजे नेमकी कॉलेजच्या धामधुमीत. तुझी ती डिस्लेक्सियावाली मैत्रीण आहे ना, तिलाही हे सांग.

आता आपल्या दुखण्यापुरतं एक सांगते, कारण ते तुला रांगेत कोणी सांगणार नाही. रेटिनायटिस पिग्मेंटोसात आधी अंधारातलं जातं, मग कडेचं जातं; समोरचं बराच काळ शाबूत असतं. तपासणीत पहिल्यांदा अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात आणि तू तो बऱ्यापैकी वाचशील. झालं, "हिला तर दिसतंय." म्हणून दृष्टिक्षेत्राची चाचणी, जिला पेरिमेट्री म्हणतात, ती आधी करून रिपोर्ट हातात घेऊनच जा. कायद्याच्या परिशिष्टात तक्त्यावरची नजर आणि दृष्टीचं क्षेत्र अशी दोन्ही मोजमापं दिली आहेत. क्षेत्र 40 अंशांहून कमी असेल तर ती अल्पदृष्टी, 10 अंशांहून कमी झालं तर अंधत्व, मग समोरचा तक्ता तू वाचत असलीस तरी. खोट्या दाखल्यांची प्रकरणं मधे बरीच गाजली, त्यामुळे खऱ्यांकडेही आता संशयाने बघतात. वाद घालू नकोस, रडू तर मुळीच नकोस, रिपोर्टची फाइल पुढे सरकव.

समजा टक्के 40 च्या आत आले, तरी दार बंद होत नाही. विकास कुमार नावाच्या उमेदवाराच्या हाताला लिहिताना पेटके येत. 40 टक्क्यांचा दाखला नाही म्हणून यूपीएससीने त्याला लेखनिक नाकारला. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला: 40 टक्के ही अट राखीव जागांसाठी आहे, परीक्षेत लिहायला मदत मिळण्यासाठी नाही. पुढच्याच वर्षी केंद्राने 40 टक्क्यांखालच्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. हा निकाल मोबाइलमध्ये ठेव. तुला लागला नाही तरी दुसऱ्या कुणाला लागेल.

आता मुख्य मुद्द्यावर येते. कॉलेजात आपलं दुखणं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? आपल्या मुली एक तर काहीच बोलत नाहीत, नाहीतर पहिल्या भेटीत सरांसमोर अख्खी कहाणी ओततात: कधी लक्षात आलं, कुठल्या डॉक्टरांनी काय सांगितलं, वडिलांनी किती खर्च केला. सर हळहळतात, पाठीवर हात ठेवून "काळजी करू नको, आम्ही आहोत" म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फळ्यावर बारीक अक्षरात लिहायला लागतात. ते वाईट नसतात गं. करायचं काय, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून म्हणते, आजार नको, गरज सांग.

अर्जात 'माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीने विचार व्हावा' हे वाक्य घालायचं नाही. त्यावर कोणाला काहीही करता येत नाही. असं लिही: फळ्यावरचं मला वाचता येत नाही, म्हणून तासाच्या स्लाइड आदल्या दिवशी मेलवर मिळाव्यात. प्रश्नपत्रिका 18 पॉइंटच्या अक्षरात छापून मिळावी. परीक्षेची खोली भरपूर उजेडाची असावी. प्रॅक्टिकलची बॅच दुपारची मिळावी, कारण संध्याकाळी अंधार पडल्यावर मला एकटीने फिरता येत नाही. प्रत्येक ओळीपुढे एक माणूस आणि एक काम दिसलं पाहिजे. रोगाचं नाव एकदाच, दाखल्याच्या उल्लेखात. ज्यांना त्याहून जास्त जाणून घ्यायचंय त्यांना सांगायचं की नाही, ते तुझ्या मर्जीवर. वर्गातल्या मुलांना तर अजिबात बांधील नाहीस.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, दोन प्रतींत. एक ऑफिसात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्यायचा. "शिक्क्याची काय गरज, मी सांगतो ना सरांना," असं म्हणणारा भला माणूस हमखास भेटतो. त्याला गोड हसून म्हण, "सर, घरी दाखवायचंय." तोंडी होकार बदलीबरोबर जातो, शिक्का राहतो. आणि हे सगळं पहिल्या आठवड्यात. परीक्षेच्या आठ दिवस आधी मागितलेली रास्त गोष्टसुद्धा त्यांना अडचण वाटते.

लेखनिकाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण आपल्याकडे अर्ध्या मुलांची वर्षं इथेच अडकतात. आज तू स्वतः लिहितेस, कदाचित आणखी बरीच वर्षं लिहिशील. पण तीन तास वाकून, डोळे ताणून लिहिल्यावर शेवटचा प्रश्न तुला दिसेनासा होतो, हे मी ओळखून आहे. कायद्याच्या सतराव्या कलमात जादा वेळ आणि लेखनिक या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. 2018 साली केंद्राने परीक्षांसाठी सूचना काढल्या, त्यात ताशी किमान 20 मिनिटं जादा ठरवली, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हा जादा वेळ लेखनिक न घेताही मागता येतो. काही ठिकाणी "लेखनिक नको ना, मग वेळ कशाला?" असं ऐकवतात. माझ्या एका पेपरला पर्यवेक्षकांनी असंच म्हणून वेळ संपल्यावर उत्तरपत्रिका ओढून घेतली होती. ते परिपत्रक माझ्या घरी कपाटात होतं. तू ताजं परिपत्रक परीक्षेच्या हॉलमध्ये ने, हॉल तिकिटाला टाचून.

त्याच सूचनांत आणखी दोन गोष्टी होत्या, ज्या फारशा कोणाला माहीत नसतात. लेखनिकाला पेपरच्या दोन दिवस आधी भेटता यावं, आणि वेगवेगळ्या विषयांना, विशेषतः भाषांना, वेगवेगळा लेखनिक घेता यावा. या दोन ओळींचं मोल पेपर देताना कळतं. मानसशास्त्राच्या संज्ञा ज्या मुलीने कधी ऐकल्याच नाहीत तिला तू उत्तर सांगत बसलीस, तर निम्मा वेळ स्पेलिंग सांगण्यात जातो. मराठीच्या पेपरला ऱ्हस्वदीर्घाची बोंब असलेला लेखनिक मिळाला तर मार्क त्याचे नाही, तुझे जातात. त्यामुळे आधी भेट, एक जुना प्रश्न त्याच्याकडून लिहून घे, अक्षर बघ, वेग बघ. नवा परिच्छेद, अधोरेखित, खोडायचं, या खुणा ठरवून घे. तू बोलायची सवयही कर. मनात उत्तर रचून थांबत थांबत सांगणं ही वेगळीच कला आहे, ती घरी आईला उत्तरं सांगून सांगून येते. काकूलाही बरं वाटेल.

आणि हो, लेखनिक आयत्या वेळी येत नाही. ताप येतो, बस चुकते, त्याचाच पेपर निघतो. एक राखीव लेखनिक नावासकट अर्जात दे. लेखनिकाच्या शिक्षणाची अट काय, तो कॉलेज देणार की तू आणायचा, हे विद्यापीठागणिक बदलत असतं, म्हणून परीक्षा विभागाकडून त्या वर्षीचं ताजं परिपत्रक घे. मागच्या वर्षीच्या सिनिअरने सांगितलं, एवढ्यावर विसंबू नकोस.

आता अभ्यासाचं साहित्य. संगणकावर एनव्हीडीए टाकून घे. दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006 मध्ये सुरू केलेला हा स्क्रीन रीडर पूर्ण मोफत आहे आणि तो मराठीही वाचतो. मोबाइलमध्ये टॉकबॅक असतोच. "मला अजून दिसतंय, मग कशाला" असं म्हणू नकोस. दिसतंय तोवर शिकलीस तर सोपं जाईल, आणि डोळ्यांना रोज दोन तास विश्रांती मिळेल ती वेगळीच.

पण मराठी माध्यमाच्या मुलींची खरी फजिती पुढे आहे. प्राध्यापक प्रेमाने नोट्सची पीडीएफ पाठवतात, डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, आणि स्क्रीन रीडर वाचायला लागला की 'डॅश, ब्रॅकेट, एक्स, पर्सेंट' असलं काहीतरी बरळतो. कारण ती फाइल जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. त्या फॉन्टात पडद्यावर 'क' दिसतो, पण आत संगणकाच्या लेखी तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. स्क्रीन रीडर बिचारा आतलं वाचतो. युनिकोडमध्ये टाइप केलेलं असेल तर तो मराठी मराठीसारखं वाचतो. आपल्याकडची कितीतरी क्रमिक पुस्तकं, नोट्स, प्रश्नसंच अजून त्या जुन्या फॉन्टांत पडून आहेत, आणि या गोष्टीची लाज खरं तर विद्यापीठांना वाटायला हवी. अर्जात एक ओळ टाक: मराठी साहित्य युनिकोडमध्ये, वर्ड फाइलच्या रूपात मिळावं. मिळालं नाही तर पानांचे स्वच्छ फोटो काढून गुगल ड्राइव्हवर टाक आणि गुगल डॉक्समध्ये उघड, मजकूर वेगळा होऊन येतो. जोडाक्षरांत गोंधळ होतो, 'र'चे रफार कुठेही उडून बसतात, पण अभ्यासापुरतं भागतं.

पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय आहे, 2016 मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांना दाखल्यावर सभासद होता येतं. तुझ्या विषयाचं पुस्तक तिथे नसेल तर कॉलेजच्या ग्रंथपालांना स्कॅन करून मागायचं. "कॉपीराइट आहे" म्हणाले, तर त्यांना 2012 च्या दुरुस्तीची आठवण दे. दिव्यांग वाचकासाठी वाचनयोग्य प्रत करायला कॉपीराइट कायद्यात तेव्हापासून मुभा आहे. मुंबईत गेलीस तर सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र एकदा बघून ये. 2003 पासून ते चालू आहे. पुण्यात मीरा बडवे यांचं 'निवांत' खास कॉलेजात जाणाऱ्या दृष्टिहीन मुलांसाठीच उभं राहिलंय.

झेवियर्सवरून आठवलं. उल्हासनगरची प्रांजल पाटील तिथलीच. 2016 मध्ये लागलेल्या यूपीएससीच्या निकालात तिचा क्रमांक 773 आला, दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेत घेतलं नाही. पुढच्या वर्षी ती 124 वी आली आणि आयएएस झाली. आपल्या गावच्या सत्कार समारंभात तिची जिद्द तुला दर वर्षी ऐकवतील. ती स्क्रीन रीडरवर अभ्यास करायची, हे मात्र कोणी ऐकवणार नाही. मला विचारशील तर ऐकण्यासारखं तेच आहे.

तुझ्या वर्गात एखादी कमी ऐकू येणारी मुलगी असेल तर तिच्या गरजा तुझ्याहून निराळ्या असतात. सरांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, सूचना लिहूनही द्याव्यात, एवढं मागितलं तरी तिचा अर्धा तास वाचतो. गुगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब बोललेलं मराठी पडद्यावर लिहून दाखवतं, ते तिला दे. आणि मनाचं दुखणंही त्या 21 प्रकारांत आहे बरं का. होस्टेलवर कोणी आठवडाभर अंथरुणातून उठली नाही तर 'नाटकं' म्हणू नका. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर भिंतीवर लावून ठेव.

इमारतीचं काय सांगू. रॅम्प असतो, वर कुंड्या ठेवलेल्या असतात. लिफ्ट असते, किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई जेवायला गेलेला असतो. राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलंय की सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, सक्तीचे नियम करा. नियम येतील तेव्हा येतील. तू तोवर लिफ्ट बसवायची मागणी करत बसू नकोस. वर्ग खालच्या मजल्यावर हलवायची कर. त्याला निविदा लागत नाही, फक्त वेळापत्रकात खोडाखोड लागते. पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारायला डबाभर रंग पुरतो. स्वच्छतागृह मात्र पहिल्याच दिवशी जाऊन बघ, आतून कडी लागते का, दिवा चालतो का. आपल्या मुली दिवसभर पाणी न पिता काढतात, कोणाला विचारायला नको म्हणून. चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्या मुलींचे तर यात फारच हाल. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचलं नसशील तर माझी प्रत घेऊन जा.

काठीचा विषय तू दोनदा टाळलास. लायब्ररी संध्याकाळी सुटणार, होस्टेलपर्यंतच्या रस्त्यावर निम्मे दिवे बंद, आणि तू रोज मैत्रिणीच्या दंडाला धरून जाणार? ती चांगली आहे, पण तिलाही कधी सिनेमाला जायचं असेल. पांढरी काठी वापरायचं रीतसर शिक्षण असतं, ते घे. लोक बघतील म्हणतेस, तर बघू देत. बघावं म्हणूनच तिचा रंग पांढरा आहे. दिवसा मोबाइल वाचणारी मुलगी रात्री काठी घेऊन निघाली की कोणीतरी "नाटक करते" म्हणेलच. त्याला पेरिमेट्री समजावून सांगायला जाऊ नकोस. आणि मदत करायच्या नावाखाली कोणी न विचारता मनगट धरून ओढायला लागलं, की थांबून म्हणायचं, "मी तुमचा कोपर धरते." एवढ्याने समजतं बहुतेकांना. ज्याला समजत नाही त्याच्याबरोबर जायचंच नाही.

पैशांचं थोडक्यात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल दोन्ही बघ. केंद्राच्या योजनेत पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. तू इंजिनिअरिंगला गेलीस तर एआयसीटीईची 'सक्षम' शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 50,000 रुपये, तिथे उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. तारखा दिवाळीच्या आसपास हुकतात, सांभाळ. एसटीच्या तिकिटातली सवलत घ्यायला लाजू नकोस. कंडक्टरने मोठ्याने विचारलं तर कार्ड मोठ्याने दाखव.

इतकं करूनही दाद लागली नाही, तर समान संधी कक्ष कुठे आहे ते विचार. बहुतेक कॉलेजांत तो कागदावर असतो, पण कागदावर असला तरी त्याचा एक प्रमुख असतो आणि त्याला नाव असतं. त्यानंतर विद्यापीठ, आणि शेवटी पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. कायदा मोडला तर पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे धमकी म्हणून कधी उच्चारू नकोस. अर्जाच्या शेवटी कलमाचा नंबर तेवढा लिही, वाचणाऱ्याला कळतं.

प्रवेशाची यादी लागायच्या आत अर्जाचा कच्चा मसुदा लिहून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. 'सहानुभूती' हा शब्द सापडला तर परत पाठवीन.